वकीलबाईंचा माठ

वसमतच्या मोंढ्यात भरदुपारी एखादी बाई डोक्यात हेल्मेट घालून पायी चालताना दिसली, तर त्या वकीलबाई, असं खुशाल समजायचं. स्कूटर ऑफिससमोर लावलेली, बाई भाजी घ्यायला निघालेल्या, आणि हेल्मेट मात्र डोक्यावर तसंच. कारण विचारलं तर म्हणायच्या, "तोंड दिसलं की लोकं रस्त्यातच कायदा विचारत्यात. मेथीची जुडी हातात धरून मी काय पोटगी समजावून सांगू व्हय?"

उपयोग काही व्हायचा नाही. हेल्मेट घालून मेथी निवडणारी बाई सगळ्या तालुक्यात एकच. लोक लांबूनच ओळखायचे आणि नमस्कार करत जवळ यायचे. मग बाई हेल्मेटची काच खाली ओढायच्या आणि पुढं निघायच्या.

त्यांचं ऑफिस पूर्वी अडत दुकान होतं. हळदीचा वास भिंतींत इतका मुरलेला की चुना मारूनही गेला नव्हता. बाईंनी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. उलट प्रत्येक फाइलीत त्या एक हळकुंड ठेवायच्या, म्हणजे कसर लागत नाही. त्यामुळे त्यांच्या अर्जांना कडेनं पिवळे डाग असायचे. कोर्टातले कारकून म्हणायचे, बाईंची फाइल नाव न वाचता वासावरून काढता येते.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं होतं का, हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. नव्या पक्षकार बाया हमखास विचारायच्या, "तुमचे मालक काय करत्यात, बाई?" त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "त्याची तारीख पडलीया." खरं काय ते मीही कधी विचारलं नाही. त्यांनी माझं सगळं विचारलं, पण तो त्यांचा धंदा होता.

माझी त्यांची ओळख झाली ती घटस्फोटासाठी नव्हे. माझा घटस्फोट झालेला आहे असं मी, माझे वडील, माझा भाऊ आणि आमचं सगळं कुरुंदा गाव धरून चाललं होतं. लग्नानंतर दोन-अडीच वर्षांतच मी माहेरी परत आले होते. नवऱ्याच्या गावचे चार पंच, आमच्याकडचे चार पाव्हणे मारुतीच्या पारावर बसले, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली गेली, मी सही केली, त्यानं केली. मग सगळे जीपमध्ये बसून वसमतला गेले आणि नोटरीचा लाल शिक्का मारून आणला. त्याच्या चुलत्यानं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं, "वकिलानं कोर्टात लावून टाकलंय. आता तुमी मोकळे, आमी मोकळे." आबांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. मी शेतात लागले. शेतीत मला गती होती. हळदीचं बेणं कोणतं ठेवायचं, कधी शिजवायचं, हे भाऊ मला विचारून करायला लागला.

पुढे आबा थकले. सिद्धेश्वरच्या कालव्याखाली आमचा एक तुकडा आहे. बाकी जमिनीपेक्षा चांगला, पाण्याचा. तो त्यांना त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या नावावर करून द्यायचा होता. भावाची ना नव्हती. बक्षीसपत्र करायला कोणीतरी वकीलबाईंचं नाव सांगितलं. म्हणून आबा, भाऊ आणि मी त्यांच्या ऑफिसात गेलो.

ऑफिसात दोनच खुर्च्या. एक बाईंची. दुसरीवर आबा बसायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हातारबाबा, तुमाला बाकडं हाय तिकडं. खुर्चीवर ती बसंल, जिचं काम हाय." भाऊ उभाच राहिला. त्याला त्यांनी बसा म्हटलंच नाही.

"बहिणीला काहून जमीन देऊन राहिलात?" त्यांनी भावाला विचारलं.

"सोडलेली हाय ना ती," भाऊ म्हणाला. अगदी सरळ मनानं म्हणाला. "तिला काहीतरी आधार पायजे."

बाईंनी कोपऱ्याकडे बोट केलं. "माठ तिथं हाय. नळ मागच्या अंगाला. भरून आणा."

भावाला वाटलं, बाईंना तहान लागली असेल. तो गेला, भरून घेऊन आला, घाम पुसत उभा राहिला. मग बाई म्हणाल्या, "सोडलेली म्हंजी काय? गाय हाय का दाव्याची? ह्या ऑफिसात त्यो शब्द ज्यानं काढला त्यानं माठ भरायचा. नवरा असू, बाप असू, आमदार असू. ह्योच नियम."

त्या माठाचा तळ मी कधी पाहिला नाही. एकदा एक सासूबाई आल्या होत्या, त्यांनी एका बैठकीत तीनदा तो शब्द काढला. शेवटी बाई म्हणाल्या, "मावशी, आता माठात जागा न्हाई, शेजारच्या हॉटेलातला भरा." आणि मावशींनी खरंच भरला.

तर बाईंनी चष्मा लावला आणि मला विचारलं, "घटस्फोटाची नक्कल आणली का?" नक्कल म्हणजे कोर्टाच्या हुकमाची शिक्का मारलेली प्रत. आबांनी मोठ्या अभिमानानं प्लास्टिकची पिशवी पुढे केली. बाईंनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला, उजेडाकडे धरला.

"कागद झकास हाय," त्या म्हणाल्या. "टायपिंग बी चांगलं. पण ह्यो घटस्फोट न्हाई."

"लाल शिक्का हाय की!" आबा म्हणाले.

"शिक्क्याचा अर्थ येवढाच, की सही करणारानं सही केली. लग्न मोडतं ते जज्जाच्या हुकमानं. आता तुमी म्हणचाल आमच्यात फारकतीची चाल हाय. असंल. मग ती चाल कोर्टात शाबीत करा, पारावरचे पंच साक्षीला आणा. किती जिवंत हायत?"

आबांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

"आणि ह्या कागदाच्या भरवशावर जमीन हिच्या नावावर केली, आन् उद्या ही पायरीवरून घसरून मेली, तर तुमची कालव्याखालची जमीन कुणाला जाईल?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वाईट वाटून घिऊ नको, उदाहरण देऊन राहिले. हिला लेकरू न्हाई. जमीन जाईल नवऱ्याला."

भाऊ खाली बसला. खुर्ची नव्हती, म्हणून जमिनीवर.

दुसरी वकील असती तर लगेच अर्ज टाइप करायला घेतला असता. बाईंची रीत वेगळी. "कागद न्हाई असं म्हणायच्या आधी त्यो न्हाई हे बघावं लागतं," त्या म्हणाल्या. "चुलता म्हणाला ना कोर्टात लावलंय? मग धुंडू." आणि धुंडायला त्यांनी मला पाठवलं. भाऊ म्हणाला मी जातो, तर म्हणाल्या, "लग्न तुझं हाय का?"

मी वसमतच्या कोर्टात गेले, दोघांची नावं आणि अंदाजे सालं लिहून शोधाचा अर्ज दिला. कारकुनानं माझ्यासमोर जुनी रजिस्टरं काढली. आमचं नाव नव्हतं. मग एसटीनं हिंगोलीला गेले, तिथं अर्ज दिला. तिथंही नव्हतं. मी तोंड पाडून परत आले, तर बाई खूश.

"झालं पक्कं. तू लग्नाची बाई हायस."

इतक्या वर्षांनी मला कळलं की मी विवाहित आहे. आणि ज्याच्याशी विवाहित आहे तो दुसरी बायको, दोन लेकरं घेऊन सिद्धेश्वरच्या धरणाजवळ सुखानं राहतो आहे. मला राग आला. बाईंना वाटलं मी रडणार. त्यांनी टेबलाखालून भुईमुगाच्या शेंगांची टोपली काढून माझ्यापुढे सरकवली. "रडायचं तर शेंगा फोडत रड. हात रिकामे असले की रडं लांबतं."

रडणाऱ्या प्रत्येक बाईला ती टोपली मिळायची. फोडलेले दाणे एका डब्यात जायचे. चटणीसाठी बाईंनी आयुष्यात कधी दाणे विकत आणले नसतील. मी रडले नाही, पण शेंगा फोडल्या. राग आला असताना त्या फार पटापट फुटतात.

भावाचे डोळे मात्र चमकले होते. "म्हंजी बाई, त्यानं एक बायको असताना दुसरी केली. त्यो जेलात जाईल?"

"तक्रार केली तर जाऊ शकतो. तक्रार हिनं करायची, न्हाईतर तुमी घरच्यांनी." मग मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "मला तो जेलात नको, घरात नको, सातबाऱ्याच्या आसपास नको. मला माझा कागद पायजे."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दिवसापासून त्या मला नावानं हाक मारायला लागल्या. तोपर्यंत मी 'कुरुंद्याची' होते.

दोघांच्या संमतीनं अर्ज करायचा असं ठरलं. संमतीला दुसरा माणूस लागतो. बाईंनी नोटीस पाठवली, उत्तर नाही. दुसरी पाठवली. तेव्हा निरोप आला की तो कोर्टाच्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही. त्याला कोणीतरी भरवलं होतं की, पहिलं लग्न चालू होतं असं तू सहीनिशी कबूल केलंस की तिथूनच तुला बेड्या घालतील.

"भ्यालंय," बाई म्हणाल्या. "भ्यालेल्या माणसाशी बोलून फायदा न्हाई. चल, बस मागं."

स्कूटरवर मी आजवर त्यांच्या मागं बसले ती तेवढ्याच एका वेळेला. पुन्हा बसणार नाही. त्या हॉर्न वाजवत नसत. समोरच्याला ओरडून सांगत, "सरक रे बाबा, तारीख हाय!" तारीख असो वा नसो.

उतरलो ती त्याच्या अंगणात. त्या घरात मी पूर्वी राहिले होते. लिंबाचं झाड वाढलं होतं. गोठ्यावर नवे पत्रे होते. एवढंच पाहिलं. त्याची बायको, सविता, बाहेर आली. माझ्यापेक्षा बरीच लहान, कमरेला पदर खोचलेला, हाताला पीठ. तिनं मला ओळखलं. फोटोत पाहिलं असणार. तिचा चेहरा आवळला.

"ते शेतात गेलेत," ती म्हणाली.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. हेल्मेट तसंच डोक्यात. "मला त्याच्याशी न्हाई बोलायचं, तुझ्याशी बोलायचंय. बस."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्याइतकं कुणालाच कळायचं न्हाई. हिची फारकत कोर्टात झालेली न्हाई. म्हंजी कायद्यानं ह्या घरची बायको ही हाय."

सविता माझ्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मग मी कोण?"

"गावासाठी बायको. कायद्यासाठी पाव्हणी."

"आन् माझे लेकरं?"

"लेकरं बराबर हायत. त्यांना कायदा धक्का लावीत न्हाई. गोष्ट तुझी हाय. उद्या त्याला काही झालं, तर दारात कागद घिऊन कोण उभं ऱ्हाईल? तू का ही?"

सविता उठली, आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेते. ती तांब्याभर पाणी घेऊन आली. मला दिलं, बाईंना दिलं. मग माझ्यासमोर उकिडवी बसली.

"तुमाला यायचंय का परत?"

"मला माझी हळद सोडून कुठंच यायचं न्हाई," मी म्हणाले.

"त्यांच्यावर केस करचाल?"

"न्हाई."

"आईची आण?"

"आण कशाला? मी म्हणाले न्हाई म्हंजी न्हाई."

तेवढ्यात तो आला. मला पाहून अंगणाच्या कडेलाच थांबला. अजूनही तसाच, पुढं यावं की मागं जावं हे न कळणारा. सवितानं हातावरचं पीठ झाडलं.

"उंद्या वसमतला जायचंय," ती त्याला म्हणाली.

"अगं पण ते..."

"भाकर खायची का न्हाई तुमाला ह्या घरात?"

स्कूटरवर बसताना बाई मला म्हणाल्या, "बघितलं? नोटीस पत्ता चुकून चालली होती."

कोर्टात मात्र बाई वेगळ्याच. हेल्मेट बाहेर, काळा कोट इस्त्रीचा, मराठी एकदम स्वच्छ. 'काहून' आणि 'न्हाई' पार पायरीवर ठेवून आत जायच्या. एकदा एका जुन्या वकिलानं त्यांना सगळ्यांसमोर टोमणा मारला होता, "बाई, तुमी लोकांची घरं मोडता." बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "मोडलेल्या घरावरची पाटी मी काढते, वकीलसाहेब. मोडणारे दुसरे असतात, आणि त्यांची वकिली तुम्ही करता." तरी किरकोळ भांडणाचे नवरा-बायको आले की त्या दारातूनच परत पाठवायच्या. "ही कटकट हाय, खटला न्हाई. जा घरी."

माझी तालीम त्यांनी आधी घेतली होती. "जज्जसाहेब विचारतील. रडून सांगायचं न्हाई, भांडून सांगायचं न्हाई. आन् पोटगी नको म्हणायची तर तोऱ्यात नको म्हणू, विचार करून म्हण. तुझं भागतंय का?" भागत होतं. मग नको म्हणायचं ठरलं.

आम्ही वेगळे राहून इतकी वर्षं झालेली, म्हणून मधले थांबायचे महिने माफ करावेत असा अर्ज बाईंनी दिला होता, तो मंजूर झाला. मग आमची वेळ आली. न्यायाधीशांनी विचारलं, "पुन्हा एकत्र राहण्याची काही शक्यता?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकड्यावरून आवाज आला, "न्हाई जी!" सविता उभी राहिली होती. शिपाई तिच्याकडे धावला. न्यायाधीशांनी खाली मान घालून कागद चाळले. ते हसत होते असं माझं मत आहे.

मग त्यांनी मला विचारलं, "कोणाच्या दबावाखाली हा अर्ज केला आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "मागच्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी मी स्वतः मागते आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पण त्यांनी खिशातून शेंगदाणा काढून तोंडात टाकला, आणि कोर्टात त्या कधीही काही खात नसत.

हुकूम झाल्यावर बाईंनी मला नक्कल विभागात पाठवलं. "दोन काढ. एक जिला सुटायचं तिची, एक जिला बसायचं तिची." मी दोन्ही नकला घेतल्या. एक त्यांच्या फाइलीत हळकुंडासह गेली. तिच्या आधारावर बक्षीसपत्र झालं. आबांनी रजिस्ट्रार कचेरीत सही करायला एवढा वेळ लावला की मागची रांग कुरकुरायला लागली. त्यांना प्रत्येक अक्षर नीट काढायचं होतं. कागदावर जमीन घेणारीच्या जागी माझं नाव, पुढं त्यांचं नाव, मग माहेरचं आडनाव. फेरफार होऊन सातबारा हातात आला तेव्हा आबांनी तो वाचला आणि त्याच जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. पिशवी आता खऱ्या कामाला लागली.

माझं काम संपलं असं मला वाटलं होतं. बाईंचा फोन आला. "दुसरी नक्कल पोचवायचीया. आधार कार्ड जवळ ठेव."

सविताचं आणि त्याचं लग्न आता कायद्यानं नव्यानं लागायचं होतं. गावच्या मारुतीसमोर हार घातले, सप्तपदी झाली. लेकरं मांडवाशिवायच्या त्या लग्नात आईबापाच्या मागं मागं फिरली. मग सगळे नोंद करायला ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक तरुण होता, नीट काम करणारा. त्यानं माझ्या घटस्फोटाची नक्कल शेवटच्या पानापर्यंत वाचली. "साक्षीदार तीन पाहिजेत," तो म्हणाला. दोन होते. तिसरा, नवरदेवाचा मामा, आधार कार्ड घरीच विसरून आला होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून कार्ड काढलं.

नवरदेव खाली बघायला लागला. सवितानं मात्र सरकून मला बाकड्यावर जागा करून दिली.

"ह्या कोण?" ग्रामसेवकानं विचारलं.

दाराजवळ नवरदेवाचा तो चुलता बसला होता, 'कोर्टात लावून टाकलंय' म्हणणारा. आता फार म्हातारा. तो हसत म्हणाला, "ही व्हय? ही आमची सोडलेली..."

बाईंनी हेल्मेट काढलं. मोंढ्यात, रस्त्यात, कोणाच्या अंगणात त्यांनी ते कधी काढलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात तिवईवर ग्रामपंचायतीचा माठ होता.

"काका," त्या म्हणाल्या, "त्यो माठ रिकामा दिसतोय."

चुलत्याला काही कळलं नाही, पण बाईंचा आवाज कळला. तो उठला, पुतण्यानं त्याला माठ उचलून दिला, आणि दोघं नळाकडे गेले. काका-पुतण्या, नवरदेवाच्या टोपीसह.

ते भरून येईपर्यंत ग्रामसेवकानं माझी माहिती लिहून घेतली. नाव. वय. पत्ता, कुरुंदा.

"व्यवसाय?"

"शेती."

त्यानं लिहिलं आणि सवयीनं विचारलं, "कुणाची?"

बाई काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. ही एकच वेळ असेल की त्या थांबल्या.

"माझी," मी म्हणाले, आणि सही केली.

आता बाईंनी वकिली थांबवली आहे, डोळे साथ देत नाहीत, नांदेडला भाचीकडे असतात. कालव्याखालच्या तुकड्यात मी हळद लावते. बांधावर, बाभळीच्या सावलीत, एक माठ ठेवला आहे. कामाला येणाऱ्या बायांपैकी कोणी दुसरीबद्दल तो शब्द काढला, की मी काही बोलत नाही. नुसतं विहिरीकडे बोट करते.